थिंकपॅड टी४८०: कारखान्यात मुरलेला लॅपटॉप

थिंकपॅड टी४८० हा लेनोवो कंपनीचा २०१८ सालचा लॅपटॉप. गेल्या महिन्यात मी तो भाचीसाठी घेतला, तोही सेकंडहँड, आणि त्यावरून घरात चांगलाच वाद झाला. पोरगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, तिला कोरा करकरीत लॅपटॉप द्यायचा सोडून हा काळा ठोकळा कशाला, असं ताईचं म्हणणं. ताईला जे तोंडी सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण सध्या ओळखीतले बरेच आईबाप मला विचारतायत की पंचवीस हजारांच्या आसपास पोरांना काय घेऊन द्यावं.

माझं उत्तर थिंकपॅड. हे तटस्थ माणसाचं मत नाही, तेही आधीच सांगतो. या लॅपटॉपवर माझा जीव आहे, आणि तो का आहे हे सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही.

मी सीएनसी मशीनची, म्हणजे प्रोग्रॅमवर चालून धातूचे भाग कापणाऱ्या मशीनची, दुरुस्ती करतो. नाशिकचं सातपूर, अंबड, सिन्नरची माळेगाव एमआयडीसी, कधी गोंदे. फोन आला की बॅग पाठीला लावायची आणि बाइक काढायची. तिथे टेबल-खुर्ची कोणी मांडून ठेवत नाही. लॅपटॉप कधी टूल ट्रॉलीवर, कधी उपड्या क्रेटवर, कधी एका हातावर तोलून धरलेला. हाताला कूलंट (मशीन थंड ठेवणारं पाणी) नाहीतर मशीनच्या सरकत्या भागांचं तेल. अशा हाताने साधा टचपॅड वापरून बघा. बोट ओलं किंवा तेलकट असलं की बाण पडद्यावर सैरावैरा पळतो, आणि हातमोजा घातला असेल तर जागचा हलत नाही.

थिंकपॅडच्या कीबोर्डमध्ये जी, एच आणि बी या तीन बटणांच्या मधोमध एक लाल रबरी टोपी असते. कंपनीचं नाव ट्रॅकपॉइंट, आमच्याकडे सगळे लाल टिकली म्हणतात. ही टिकली माउससारखी सरकत नाही, फिरतही नाही. बोटाने ज्या दिशेला दाब द्याल तो खालचे सेन्सर मोजतात आणि बाण त्या दिशेला जातो. दाब जास्त दिला की वेग जास्त. दाबच मोजायचा असल्यामुळे बोटाला तेल आहे की हातमोजा आहे याने फरक पडत नाही. स्पेसबारच्या खाली तिची तीन बटणं असतात. मधलं बटण अंगठ्याने दाबून धरायचं आणि तर्जनीने टिकली खाली ढकलायची, की पान सरकायला लागतं. हजारो ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एखादा चुकलेला ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेचा आकडा, शोधताना मी असाच खाली खाली जातो, आणि डावा हात मशीनच्या पॅनलवर मोकळा राहतो. ज्याला या गोष्टीची सवय झाली त्याचा हात दुसऱ्या लॅपटॉपवरही नकळत जी आणि एचच्या मध्ये जातो. माझा तर बँकेत कोणाचा कीबोर्ड दिसला तरी डोळा आधी तिथेच जातो.

मराठी मी इन्स्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीने, टाइप करतो. त्या मांडणीत टिकलीच्या भोवती उकार, प आणि व येतात. मेमरीची बॅटरी कधी बदलायची, होम पोझिशन घेण्याआधी काय बघायचं, अशा सूचना मी ऑपरेटर पोरांसाठी मराठीत टाइप करून मशीनच्या दारावर चिकटवतो. अंबडच्या कितीतरी मशीनवर ते कागद तेलाने पिवळे पडेपर्यंत टिकलेत. ते सगळं या कीबोर्डवर लिहिलेलं आहे.

टिकलीची मूळ कल्पना आयबीएमचे संशोधक टेड सेल्कर यांची. थिंकपॅड आधी आयबीएमच बनवायची. टाइप करणाऱ्याचा हात कीबोर्डवरून माउसकडे जातो आणि परत येतो, त्यात जाणारा वेळ त्यांना वाचवायचा होता. आणि रंगाची गोष्ट तर मला फार आवडते. आयबीएममध्ये लाल रंग आणीबाणीत वीज तोडण्याच्या बटणासाठी राखून ठेवलेला होता. थिंकपॅडचं रूप ज्यांनी ठरवलं त्या रिचर्ड सॅपर यांना मात्र त्या काळ्या पेटीवर लालच ठिपका हवा होता. मग त्यांच्या लोकांनी कागदावर तो रंग मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी, दाखवला आणि हळूहळू लाल करत नेला. मी ज्या मशीनवर काम करतो त्या प्रत्येकावर इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण असतं, त्यामुळे आयबीएमच्या नियमामागची काळजी मला समजते. सॅपर यांचा हट्टही समजतो.

पहिला थिंकपॅड, ७००सी, ऑक्टोबर १९९२ मध्ये आला. पडदा १०.४ इंची आणि रंगीत, अमेरिकेतली किंमत ४,३५० डॉलर. जपानी लोक जेवणाचा काळा लाखेचा चौकोनी डबा वापरतात, बेंटो म्हणतात त्याला. सॅपर यांच्या डोळ्यासमोर तो डबा होता. बाहेरून साधा, काळा, उघडला की आत सगळं जागच्या जागी. पुढच्याच वर्षी हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला जे एन्डेव्हर यान गेलं त्यातही थिंकपॅड होता. दुरुस्तीच्या कामाला गेला होता हे मला विशेष वाटतं.

मी तो पहिल्यांदा पाहिला अंबडला ट्रेनी असताना. परदेशातून मशीन चालू करून द्यायला आलेल्या इंजिनिअरने पॅकिंगच्या लाकडी खोक्यावर काळा लॅपटॉप ठेवला, केबल लावली आणि मशीनची सगळी माहिती त्याच्या पडद्यावर यायला लागली. माझ्याकडे बॅटरीचा उजेड धरायचं काम होतं. तेव्हा आमच्या साहेबांच्या केबिनमध्येसुद्धा लॅपटॉप नव्हता.

स्वतःचा थिंकपॅड यायला बरीच वर्षं गेली. सकाळची पंचवटी पकडून दादर, तिथून ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडवरून एक जुना टी२२ आणला. मुद्दाम तोच आणला, कारण त्याला नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट होतं. मशीनला लॅपटॉप जोडायचा तो त्याच पोर्टावरून, आरएस-२३२ म्हणतात त्या जोडणीने, आणि तिच्याशिवाय तेव्हा आमचं पानही हलत नसे.

त्या टी२२ची एक रात्र सांगतो. दिवाळीची सुट्टी संपवून सातपूरच्या एका छोट्या युनिटमध्ये टर्निंग सेंटर चालू केलं तर पडदाभर अलार्म. कंट्रोलच्या मेमरीची बॅटरी सुट्टीत संपली होती आणि पॅरामीटर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सेटिंगचे आकडे, उडाले होते. मालक स्वतः मशीनवर उभा राहून काम करणारा, सकाळी त्याला माल पोचवायचा होता. त्या मशीनचे पॅरामीटर मी आधीच्या खेपेला काढून ठेवले होते. केबल लावली. दोन्हीकडची सेटिंग जुळवली: ४८०० बॉड, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. मशीनवर रीड दाबलं, इकडून फाइल सोडली, आकडे सरकायला लागले, आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते, कधी परत येईल ते सांगता येत नव्हतं. अख्खा शेड काळामिट्ट झाला, कंप्रेसर गप्प झाला, उरला फक्त लॅपटॉपचा पडदा.

थिंकपॅडच्या पडद्याच्या वरच्या कडेला तेव्हा एक छोटा दिवा असायचा, थिंकलाइट. तो लावायच्या दोन कळा, एफएन आणि पेज-अप, कीबोर्डच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत होत्या, म्हणून अंधारात चाचपूनही सापडायच्या. मी तो लावला, मशीनच्या दारातली छापील पॅरामीटर शीट कीबोर्डवर ठेवली, आणि मालक एकेक आकडा वाचत गेला, मी फाइलशी ताडून बघत गेलो. प्रकाश जेमतेम वहीच्या पानाएवढा. लाइट आली तेव्हा फाइल पूर्ण तपासून झाली होती. पुन्हा रीड, पुन्हा सुरुवातीपासून, आणि यावेळी शेवटच्या ओळीपर्यंत गेली. एक्सिसचा रेफरन्स घेऊन पहिला जॉब काढला तेव्हा बाहेर दूधवाले फिरायला लागले होते. मालकाने मला चहा देताना लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, "साहेब, हा कुठला हो?" मी आयबीएम म्हणालो तेव्हा माझा आवाज चढलेला होता, अभिमानानेच.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट मनात आहे. डिसेंबर २००४ मध्ये बातमी आली होती की आयबीएम पीसीचा धंदा लेनोवोला विकणार. मे २००५ मध्ये व्यवहार पुरा झाला. आता हे लोक कीबोर्ड बिघडवणार, स्वस्त प्लॅस्टिक लावणार, अशी धास्ती होती. तसं झालं नाही. जपानमधली यामातो लॅब टिकली, आणि ज्यांना थिंकपॅडचे जनक म्हणतात ते अरिमासा नाइतो लेनोवोबरोबर काम करत राहिले. पुढे टी६० हातात आला तेव्हा झाकण उघडता उघडताच जाणवलं की बनवणारी माणसं तीच आहेत.

सगळंच मला पटलं असं नाही. २०१२ मध्ये सात ओळींचा जुना कीबोर्ड गेला आणि सहा ओळींचा आला. त्याची सवय झाली. २०१३च्या टी४४०मध्ये टिकलीची तीन बटणं काढून टचपॅडमध्येच जिरवली, ते मला अजिबात मान्य नव्हतं आणि आजही नाही. जगभरच्या वापरणाऱ्यांनी ओरड केली आणि २०१५च्या टी४५०मध्ये बटणं परत आली. कंपनीने ऐकलं, याचं मला मोल आहे. आणि २०२५ मध्ये एक्स९ नावाचा थिंकपॅड आला, त्यात टिकलीच नाही. दिसायला देखणा आहे, पण थिंकपॅड नाव लावलेल्या लॅपटॉपवर ती रिकामी जागा बघून जिवाला लागलं.

तरी टिकली हे माझ्या प्रेमाचं अर्धंच कारण. दुसरं कारण एक पीडीएफ आहे. प्रत्येक थिंकपॅडचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल कंपनी सगळ्यांसाठी खुलं ठेवते. कोणता भाग काढायला आधी कोणता काढावा लागेल, कोणता स्क्रू कुठला, किती आवळायचा, चित्रांसकट सगळं. माझं आयुष्य दुसऱ्यांनी बनवलेल्या मशीन उघडण्यात गेलं. बनवणाऱ्याने उघडायची रीत लिहून ठेवली असेल तर समजतं की पुढे कोणीतरी हे दुरुस्त करेल याचा विचार त्याने डिझाइन करतानाच केला होता. ज्या वस्तू गोंदाने चिकटवून बंद केलेल्या असतात त्यांच्यात माझ्यासारख्या माणसाला जागाच ठेवलेली नसते. थिंकपॅडने मला कायम जागा दिली.

आता टी४८०. माझ्या स्वतःच्या वापरात २०२१पासून हाच आहे, म्हणून भाचीसाठीही डोळे झाकून हेच मॉडेल ठरवलं. यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत, २४ वॉट-अवरची, आणि एक मागे, बाहेरून निघणारी. आतली चालू असताना मागची काढून दुसरी लावता येते, लॅपटॉप बंद करावा लागत नाही. मी बॅगेत ७२ वॉट-अवरची जादा बॅटरी ठेवतो आणि आठ तासांची शिफ्ट प्लग न शोधता काढतो. टी४९०पासून ही सोय गेली. रॅमचे दोन स्लॉट, दोन्ही मोकळे करता येतात. टी४९०मध्ये एक रॅम बोर्डवरच चिकटवलेली आली. लॅनचं पोर्ट आहे, एचडीएमआय आहे, साधे यूएसबी आहेत, आणि यूएसबी-सीने चार्ज होतो. सिरीयल पोर्ट नाही, ते यूएसबीवरून कन्व्हर्टर लावून भागवावं लागतं. एफटीडीआय कंपनीच्या चिपवाला घ्या, बाकीच्यांच्या नादी लागू नका.

आठव्या पिढीचा प्रोसेसर असला की विंडोज ११ यावर अधिकृतपणे चालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला, त्यामुळे हा मुद्दा मोठा आहे. दुकानात टी४७० हजार-दोन हजारांनी स्वस्त दाखवतील. दिसायला जुळाच आहे, पण सहाव्या-सातव्या पिढीचा, त्यामुळे तो घेऊ नका.

घेतला एम.जी. रोडवरच्या एका दुकानातून, २१,५०० रुपयांना. आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क. दुकानात मी आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो. सुपरवायझर पासवर्ड टाकलेला तर नाही ना, ते बघितलं. कंपन्यांच्या लीजवरून सुटलेल्या मालात हे होतं, आणि तो पासवर्ड काढणं दुकानदाराच्या हातातलं नसतं. मग पडदा. टी४८० दोन-तीन प्रकारच्या पडद्यांत आला. १३६६ बाय ७६८चा टीएन प्रकारचा पडदा असेल तर सरळ परत द्या, बाजूने बघितलं की अक्षरं फिकी पडतात. फुल एचडी आयपीएस प्रकारचा मागून घ्या. खाली सिरीयल नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकला की मूळ कॉन्फिगरेशन दिसतं, दुकानदाराच्या बोलण्याशी ते ताडता येतं. आणि यूएसबी-सीच्या दोन्ही पोर्टांत चार्जर लावून बघायचा. या मॉडेलच्या थंडरबोल्ट (यूएसबी-सीचा वेगवान प्रकार) फर्मवेअरमध्ये, म्हणजे ते पोर्ट चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता, कंपनीने त्यासाठी अपडेट काढलं. ते ज्यात टाकलेलं नाही त्याचं पोर्ट पुढेमागे दगा देऊ शकतं, म्हणून घरी आल्यावर पहिलं काम तेच करा.

मागची बॅटरी दुकानदाराने ओरिजिनल म्हणून दिली होती. लेबलवरची छपाई आणि क्लिपची घट्ट बसण जुळत नव्हती, सॉफ्टवेअरमध्ये क्षमताही भलतीच दिसत होती. दुसऱ्या दिवशी परत नेली. थोडी घासाघीस झाली, पण बदलून दिली.

रविवारी भाचीला शेजारी बसवून लॅपटॉप उघडला. नव्हे, तिलाच उघडायला लावला. आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद करायची, मग मागची काढायची, मग खालचे सहा स्क्रू. हे स्क्रू सैल झाले तरी झाकणाला अडकून राहतात, घरंगळत नाहीत. तिने प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेने झाकण सोडवलं, एकेका खटक्याला दचकत. आत बघून म्हणाली, "मामा, एवढंच असतं आत?" मग रॅमची दुसरी पट्टी तिरकी धरून, खाच जुळवून, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज येईपर्यंत दाबली तीही तिनेच. १६ जीबी दिसले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिने आत्याला फोनवर सांगितलं की पोरीने कॉम्प्युटर खोलून परत बसवला.

टिकली मात्र भाचीला पटलेली नाही. टचपॅडच वापरते. हट्ट मी करत नाही. कीबोर्डवर ती खूश आहे. बोटांना बटणाचा खळगा लागतो, दाब कुठे पुरा झाला ते कळतं, आणि रात्री एफएन-स्पेस दाबलं की अक्षरांखाली उजेड येतो.

उणिवा. पडदा फुल एचडी असला तरी उजेड २५० निटचाच, म्हणजे कमी, रंग फिके. गच्चीवर उन्हात बसून काम होणार नाही. फोटो-व्हिडिओचं काम करणाऱ्याने हा घेऊ नये. कॅमेरा ७२०पी, स्पीकर कामापुरते. मोठी बॅटरी लावली की मागे खाली फुगवटा येतो आणि वजन जाणवतं. एनव्हीएमई नावाची वेगवान डिस्क लावली तरी तिला पूर्ण वेग मिळत नाही, माहिती जायच्या दोनच वाटा (लेन) मिळतात. रोजच्या वापरात ते कळत नाही. गेमिंगचं नाव काढू नका. कोडिंग, कॅडचं साधं द्विमितीय ड्रॉइंग, रिपोर्ट, लेक्चर, यांना तो पुरून उरतो.

२०२४च्या टी१४च्या पाचव्या पिढीत रॅमचे दोन्ही स्लॉट परत आलेत, बॅटरी घरच्या घरी बदलता येते, आणि वस्तू खोलून तपासणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीला सोपा म्हणून दहापैकी नऊ गुण दिलेत. ते वाचून मला मनापासून बरं वाटलं. नवा घ्यायची माझी ऐपत नाही, पण कंपन्यांच्या लीज संपून ते एम.जी. रोडला यायला लागले की पहिला मी उचलणार आहे. तोवर माझ्या टी४८०साठी नवा कीबोर्ड मागवलाय, जुन्याच्या एंटरमध्ये कूलंट सुकून बसलंय. आल्यावर भाचीलाच बसवायला सांगणार आहे, मॅन्युअल तिला पाठवून ठेवलंय.